काळ्या स्क्रीनमधले हात

आदेशनं आपला गेमिंग कॉम्प्युटर दिव्यानीच्या दुरुस्तीच्या टेबलावर जवळजवळ आदळलाच. "ताई, तिसऱ्यांदा आणून राह्यलो मी. खेळता खेळता आपोआप रीस्टार्ट होते. काम करता का टाइमपास?"

भरदुपारी, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना ऐकलेलं ते वाक्य दिव्यानीला झोंबलं. अख्ख्या सावली तालुक्यात तिच्या हातचं काम नावाजलेलं होतं. या कॉम्प्युटरचा तर तिनं पॉवर सप्लाय बदलला होता, रॅम बदलली होती, पंख्यातली धूळही काढली होती.

"माह्या कामात खोट नाई, आदेशभाऊ," ती तडकून म्हणाली. "बसा इथी. खेळून दाखवा माह्यासमोर."

तो खेळायला बसला. ती शेजारी खुर्ची ओढून प्रोसेसरच्या तापमानाचे आकडे बघत राहिली. सगळं ठीक होतं. दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळा झाला.

"पाहा! आता पाहा!" आदेशनं दोन्ही हात वर केले.

ती उत्तर देणार, तोच काळ्या काचेत तिला दोघांचं प्रतिबिंब दिसलं. काचेतल्या आदेशचे हात वर नव्हते. ते कीबोर्डवर होते आणि बोटं भराभर चालत होती.

"आदेशभाऊ, हलू नका," ती कशीबशी म्हणाली.

"काऊन? आता माह्यावरच ढकलता का?" तो भडकला.

काचेतला आदेश खेळायचा थांबला. काचेतच शेजारी बसलेल्या बाईकडे वळून त्यानं हळूच ओठ हलवून विचारलं, "करू रीस्टार्ट?"

दिव्यानी श्वास रोखून, ताठ बसली होती. काचेतल्या दिव्यानीनं मान हलवून त्याला होकार दिला.