पहिला बॅकअप पाहुण्यांच्या हस्ते

"तू बॅकअप घेऊन बी टाकला?" शेषरावांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "पाहुण्यायच्या आधी?"

सुचिताने मान डोलावली. तिला वाटलं होतं, साहेब शाबासकी देतील. तीन वर्षं गावोगाव हिंडून तिने मलकापूरच्या या मंडळासाठी रक्तदात्यांची यादी केली होती. चार हजार एकशे बारा माणसं. नाव, गाव, रक्तगट, मोबाइल. यादी क्लाउडवर होती, म्हणजे कुठल्याशा परक्या शहरातल्या भाड्याच्या कम्प्युटरवर, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. रोज आपोआप प्रत निघेल अशी सोय करायला एक दुपार पुरली असती. पण मंडळात पाण्याचा माठसुद्धा उद्घाटनाशिवाय भरला जात नाही. प्रमुख पाहुणे, माजी सभापती प्रेमानंदजी, यांची तारीख मिळायला तीन महिने लागले. तेवढे दिवस यादी देवाच्या भरवशावर होती. शेवटी काल सुचिताचा धीर सुटला आणि तिने गुपचूप पहिला बॅकअप घेतला.

"नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी ताटात हात घालते का?" शेषराव म्हणाले. ते अध्यक्ष होते. दृष्टांत त्यांना आपोआप सुचत. "उद्या पाहुण्यायनं उष्ट्या बॅकअपचं उद्घाटन करायचं का? काढून टाक तो सर्व्हरवरून."

"हाव साहेब," सुचिता म्हणाली.

तिने आज्ञा पाळली. त्या भाड्याच्या सर्व्हरवर चालू यादीशिवाय उरली ती फक्त सोय चालते की नाही हे पाहायला घेतलेली एक प्रत, कोऱ्या यादीची.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. नारळ फुटला. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला होता, तो नेमका अर्ध्या पडद्यावर लोंबत होता. सुचिता मंचावरच होती, पण लॅपटॉपजवळ नाही. कुंकवाचं ताट, कात्री आणि शाल सांभाळत ती कडेला उभी होती. मंडळात कम्प्युटर कळणारी ती एकटी, आणि ताट धरायला शोभणारीही एकटीच. लॅपटॉपजवळ चिटणीस गजेंद्र होते. त्यांना माइक कळायचा.

"साहेब, ते निळं बटण दाबा," गजेंद्र पाहुण्यांना म्हणाले.

निळी बटणं दोन होती. एक प्रत घ्यायचं, एक जुनी प्रत परत आणायचं. हाराखालून जे दिसलं ते प्रेमानंदजींनी दाबलं. 'सध्याची यादी पुसून जुनी प्रत आणायची का?' असं पडद्याने विचारलं. त्यातला पुसण्याचा भाग झेंडूखाली होता. "नका दाबू!" सुचिता ओरडली, पण टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. पाहुण्यांनी 'हो' दाबलं. उद्घाटनाला आलेला माणूस काही 'नाही' म्हणायला येत नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, 'काम यशस्वी झाले', आणि सभागृह उठून उभं राहिलं.

तेवढ्यात सुचिताजवळचा मंडळाचा मोबाइल वाजला. रक्तपेढीतून योगिनी बोलत होती.

"ताई, पूनम म्हणून एक बाई बाळंत झाली, तिचं रक्त थांबून नाही राह्यलं. बी निगेटिव्हची एकच पिशवी होती, ते लावली. अर्ध्या तासात माणूस पाठवा."

सुचिताने ताट खाली ठेवलं आणि मोबाइलवर यादी उघडली. बी निगेटिव्ह: शून्य नोंदी. तिने दुसरा रक्तगट टाकला. शून्य. तिसरा. शून्य.

"गजेंद्रभाऊ, यादी गेली! सगळी पुसल्या गेली!"

"सत्कार होऊन जाऊ दे," गजेंद्र माइकवर हात ठेवून म्हणाले. "मंग पाहू."

तिला रडू आलं, मग राग आला. राग जास्त कामाचा निघाला. ती धावत मागच्या खोलीत गेली. साहेबांनी सर्व्हरवरचा बॅकअप काढायला सांगितलं होतं. तिच्या टेबलावरच्या कम्प्युटरमध्ये उतरवून ठेवलेल्या प्रतीबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगण्याची चूक ती एकदा करून बसली होती. अकरा मिनिटांत चार हजार एकशे बारा माणसं परत आली.

बी निगेटिव्ह सात निघाले. तिघं मेहकरकडचे, यायला तीन तास. दोघं पुण्याला नोकरीला. एकाने गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं, त्याचं इतक्यात पुन्हा घेता येत नाही. उरलं एक नाव, नोंद क्रमांक एक. यादीच्या उद्घाटनाला फोटोसाठी भरलेला अर्ज होता तो. 'आजवरचे रक्तदान' या रकान्यात शून्य. सुचिताने ते नाव दोनदा वाचलं आणि ती उठली.

मंचावर शेषराव रंगात आले होते. "अन् मी आज शब्द देतो, माझ्या रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत मी तुमची सेवा करीन!"

टाळ्या ओसरेपर्यंत ती थांबली. मग तिने गजेंद्रांच्या हातून माइक घेतला.

"साहेब, तिकडं एका बाळंतिणीले बी निगेटिव्ह रक्त पाहिजे, अन् गावात ते तुमचंच हाय. बाहेर ऑटो उभा हाय. शेवटचा थेंब राहू द्या, आधी पहिला द्यायले चला."