बाई कोणासंगं आहे?

पाण्याच्या पल्याड गं, माझ्या भावाचा बंगला,
बहिणीच्या पायासाठी, नाही उंबरा रंगला...

जातं ओढता ओढता माय म्हणायची. मायला जाऊन जमाना झाला. आज अंदमानातल्या एका चिमुकल्या बेटावर, खडकावरून समुद्रात पाय सोडून बसलेल्या सत्यभामाबाईच्या कानात तोच आवाज घरघरत होता.

भाऊ तर समोरच होता. किनाऱ्यावर. मधुकर, जवाहरनगरच्या फॅक्टरीतला. त्याची बायको दुर्गा, पोरं. शेजारच्या क्वार्टरातले सुखराम आणि कौशल्या, त्यांची पोरं. रजा टाकून दोन्ही घरं बेटं बघायला निघाली, तेव्हा मधुकरने विधवा बहिणीलाही अड्याळहून संगं घेतलं होतं. रेल्वे, मग जहाज, मग ही मोटरबोट. जहाजावर दुर्गा सहज बोलून गेली, "परत गेलो का भंडाऱ्यातूनच बाईले अड्याळच्या गाडीत बसवून देऊ. घर बंद पडून आहे न त्याइचं."

"हो," सत्यभामाबाई म्हणाली. त्या दिवसापासून तिचा घास अडत होता. अड्याळच्या घरात बोलायला माणूस नव्हतं. नवरा गेला त्या साली मधुकर म्हणाला होता, "बाई, चाल माझ्या क्वार्टरात." तिने उडवून लावलं होतं, "मले काय धाड भरली? माझं घर आहे." पुढच्या दिवाळीला त्याने पुन्हा विचारलं. तिचं उत्तर तेच. मग तो विषय कोणीच काढला नाही.

सकाळी उतरताना बोटवाल्याने समुद्राकडे हात केला होता. "सामान ऊपर रखो. पानी चढेगा."

सुखराम खदखदून हसला. "आभाळ कोरडं ठणठणीत, अन् पाणी चढते म्हणते! बारिश कहाँ है, भैया?"

सगळे हसले. तलावाच्या मुलखातली माणसं. पाणी चढायचं तर पाऊस लागतो, हे त्यांना पाळण्यापासून ठाऊक. अड्याळच्या तलावावर टाकतात तशी त्यांनी पाण्याला लागूनच सतरंजी टाकली. डबे मांडले, चपला ओळीने ठेवल्या, आंघोळीची ओली लुगडी वाळूवर वाळत घातली.

आणि पाणी चढलं.

आधी चपला तरंगल्या. मग सतरंजीची कड भिजली. "अबे, तलाव फुटला का काय!" सुखराम ओरडला. पोरं किंचाळली, डबे उचलले गेले, लुगडी ओढली गेली. हसत, धावत, एकमेकांना ढकलत सगळी वर, नारळाच्या झाडांखाली गेली.

सत्यभामाबाई खडकावरच होती. येताना ती कोरड्या वाळूवरून चालत आली होती. ती वाळू आता दिसत नव्हती.

वाऱ्यावर बोलणं तुटक ऐकू येत होतं.

"बाई कोणासंगं आहे?" हा दुर्गाचा आवाज.

"तुमच्यासंगं नाही? मंग आमच्या पोराइसंगं असन तिकडं," कौशल्या म्हणाली.

आणि झालं. दोघींचंही समाधान झालं.

हाक मारली असती तर पोचली असती. बांधावरून बांधावर हाका मारण्यात तिची हयात गेली होती. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. पाणी पोटऱ्यांना लागलं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीत एवढ्या पाण्यात ती दिवस दिवस उभी राहिली होती. पण ते पाणी मुकाट उभं असायचं. हे मागे सरायचं आणि येताना जास्तीचं घेऊन यायचं. ती उठून उभी राहिली. तरी कोणी वळून पाहिलं नाही.

वर सतरंजी पुन्हा पसरली गेली. घरून आणलेल्या पळसाच्या पत्रावळी मांडल्या. मधुकर वाढत होता. भात, वरण, लोणचं. "हे घे बे," "तुले पुरलं का?" सगळं तिला दिसत होतं. किती छान दिसत होती माणसं! जशी कोणा दुसऱ्याची असावीत.

सगळे जेवायला लागले. एक पत्रावळ तशीच राहिली. मधुकर भाताची पळी हातात घेऊन त्या पत्रावळीपाशी थांबला. एकेक चेहरा त्याने पाहिला. मग पळी खाली पडली.

"बाईऽऽ!"

तो धावला. पाण्यात पडला, उठला, पुन्हा पडला. खडकाशी पोचला. त्याने नुसता हात पुढे केला.

"हळू रे. मले काय होते? उभी तं आहो," ती म्हणाली.

"आवाज काहून नाही देला, बाई? डोळ्यासमोर होतो न आम्ही! एक आवाज द्याचा होता!"

ती त्याचा हात धरून खाली उतरली. कमरेइतक्या पाण्यातून दोघं चालू लागली. किनाऱ्यावर सगळे उभे राहून पाहत होते. दुर्गाने तोंडाला पदर लावला होता.

मधेच सत्यभामाबाई थांबली.

"चाल न, बाई. पाणी वाढून राहिलं."

"मधू, मले अड्याळच्या गाडीत नको बसवू."

त्याला कळेना. लाट आली, दोघांना हलवून गेली.

"माझं मन नाही लागत तिथं. भिताडाशी बोलतो मी."

"मंग मी इचारलं तवा काहून नाही म्हणे तू? दोन्ही खेपा नाहीच म्हणे!"

तिने त्याचा हात घट्ट धरला.

"तू आखीन एक खेप इचारशीन म्हणून नाही म्हणत होती रे."