बाबा चालतात तो व्हिडिओ

"पोपट दिसतोयस," बाबा मान वळवून म्हणाले.

"काका, पुढे बघा. मी इथे नाहीच आहे," रेंडर म्हणाला.

डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या कपड्यात गुंडाळलेला रेंडर बाबांना कमरेत मागून घट्ट धरून उभा होता. समोर कॅमेरा घेऊन ती, बाबांची मुलगी. पलंगापासून खिडकीपर्यंत चालायचं, एवढंच काम. पण बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबांना कुणी धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं.

ती कॉलेजात व्हिज्युअल इफेक्ट्स शिकत होती. रेंडर तिच्या शेजारच्या मशीनवर बसायचा. तयार चित्र बाहेर काढायला, म्हणजे रेंडर करायला, कॉम्प्युटर जसा तास न् तास लावतो, तसाच हा साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लावायचा, म्हणून हे नाव. तिच्या घरी तो कायम पडीक असायचा आणि आईचा तर भलताच लाडका होता.

आई सध्या दुसऱ्या शहरात, मावशीकडे होती. छातीच्या दुखण्यावरचे चांगले डॉक्टर तिथे होते, आणि उपचार लांबत चालले होते. फोनवर रोज एकच धोशा.

"बाबा उभे राहिले का? खरं सांग. नाहीतर मी निघते."

आणि आई निघालीही असती, तिचा काही नेम नव्हता. उपचारात खंड पडला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तेवढी ताकद अंगात राहिलेली नाही, असं डॉक्टरांनी मावशीला बजावलं होतं. फोनवर आई एकेक वाक्य सावकाश बोलायची. मागे मावशीचा जुनाट पंखा घरघरत असायचा. व्हिडिओ कॉल म्हटलं की ती उडवून लावायची. औषधांनी तोंड सुजलंय, ते काय बघायचं?

म्हणून ही थाप. आईला फसवताना तिला मनापासून लाज वाटत होती, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

रिकाम्या खोलीचं चित्रण तिने आधीच करून ठेवलं होतं. त्यातली भिंत, फरशी, पलंगाची कड उचलायची आणि एकेका फ्रेममध्ये रेंडरच्या जागी बसवायची. हिरवा रंग कॉम्प्युटर सहज वेगळा काढतो, त्यामुळे रेंडर तसा झटपट गेला. छळलं ते बाबांच्या पोटावर आलेल्या त्याच्या बोटांनी. तिथे सदरा नव्याने भरावा लागला, रेघ न् रेघ जुळवून.

काम सरांना दाखवलं. कशासाठी केलंय हे मात्र सांगितलं नाही.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सदरा मागे कोण ओढतंय?"

तिने सदऱ्यावर चित्र मोठं केलं.

"माणूस पुसलास, पण त्याची ओढ तशीच राहिली. चुण्या बघ. आणि या गृहस्थांना चालताना एवढं हसू कसलं येतंय?"

हसू तिने राहू दिलं. चुण्या काढायला मात्र आठवडा गेला. मग एका सकाळी डोळे मिटून तिने तो व्हिडिओ आईला पाठवून दिला.

दुपारी फोन आला. आई म्हणाली, "चांगले चालताहेत गं. आता मी निवांत राहते इथे."

तिला रडू फुटलं. ते लपवायला तिने उलट दमच दिला. "आता तुझी पाळी. तोंड सुजू दे नाहीतर काही होऊ दे, मला बघायचंय तुला. नाहीतर मीच येते तिकडे."

"येऊ नकोस. परीक्षा तोंडावर आलीय तुझी," आई म्हणाली. "पाठवते. पण थोडे दिवस दे."

त्यानंतर रेंडर कसल्याशा कामात बुडाला. स्क्रीन भिंतीकडे वळवून बसायचा. त्याचं स्वतःचं प्रोजेक्ट अर्धवट पडलं होतं आणि सरांनी सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली.

"कसलं काम घेतलंयस एवढं?" तिने विचारलं.

"ओळखीतलं आहे," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "फुकटातलं."

"गाढव आहेस. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या."

तो नुसता हसला.

आईचा व्हिडिओ आला तेव्हा ती कॉलेजातच होती. मावशीच्या बाल्कनीत, संध्याकाळच्या उजेडात आई खुर्चीवर बसली होती. वाळली होती, पण ताठ बसली होती. "बघ, कशी ठणठणीत आहे," म्हणाली, आणि हात हलवला. तिने तो फोनवर पुन्हा पुन्हा पाहिला, बाबांना पाठवला, वर्गात जो भेटेल त्याला दाखवला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. फोनवर आई इवलीशी दिसते म्हणून तिने व्हिडिओ कॉलेजच्या मोठ्या स्क्रीनवर लावला आणि चेहरा मोठा केला.

रेंडरचा हात माउसवर थांबला.

कमी उजेडात काढलेल्या चित्रात बारीक दाणे सारखे नाचत असतात आणि मागून भरलेल्या जागी ते थिजतात, पहिल्याच वर्षाला शिकवतात हे. बाल्कनीच्या भिंतीवर ते नाचत होते, आईच्या साडीवर, कपाळावर, हनुवटीवर नाचत होते. नाकाखालून दोन्ही गालांवरून कानांपर्यंत बोटभर रुंदीचा एक पट्टा होता, तिथे तेवढे ते नाचत नव्हते.

तिने शेजारी पाहिलं.

"काकू म्हणाल्या," रेंडर या वेळी लगेच बोलला, "ऑक्सिजनची नळी दिसली, तर पोरगी शिक्षण सोडून येईल."