आधी रूळ, मग वाफ

काकांनी रंगवलेलं वाफेचं इंजिन बघणारा माणूस आपोआप दोन पावलं मागे सरकायचा, इतकं ते जिवंत! त्यांचा नियम एकच होता: आधी रूळ पूर्ण, मग वाफ.

आज मात्र काका चहा टाकायला उठले आणि पुतणीचे हात शिवशिवले. उद्याच्या प्रदर्शनात आपलीही एक रेघ नको का? तिने काकांच्या अर्धवट चित्रातल्या इंजिनाच्या धुराड्यावर सरळ उभी, पांढरीशुभ्र वाफ काढली.

"काका, बघा तरी! कशी जमलीय?"

काका दारातच थिजले. इंजिनाचं तोंड थेट खोलीकडे होतं आणि पुढे रूळ नव्हतेच, नुसता कोरा कॅनव्हास.

"झक्कास जमलीय गं," ते हळूच म्हणाले. "आता बाजूला हो."

बरणीतले ब्रश खडखडू लागले. तिने वळून पाहिलं. तिची सरळ वाफ मागे, गाडीच्या डब्यांकडे झुकली होती.