कर्फ्यूचा मूळ अर्थ

गिरगावात कर्फ्यूचा तिसरा दिवस होता. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा थांबल्या होत्या, रस्त्यावर नुसते पोलीस. पेडणेकर मास्तरांना मात्र एकच घोर लागला होता: हा ‘कर्फ्यू’ शब्द आला कुठून? इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनी लॅटिनमधून घडवला, इथवर त्यांना ठाऊक होतं. पुढचं सांगणारा जाडा शब्दकोश समोरच्या वाडीतल्या लिओनार्ड मास्तरांकडे होता.

“मी आणतो की,” शेजारचा दत्ताराम म्हणाला. “रस्ता तर ओलांडायचाय.”

मास्तरांनी नको म्हणायला हवं होतं. म्हणाले नाहीत.

“लवकर ये रे, भाकऱ्या टाकतेय,” शेजारच्या खोलीतून त्याची आई भागीरथीबाई ओरडली. सरपण संपत आलंय, चूल विझवा, असं कुणी म्हटलं की ती फटकारायची, “मयताच्या घरची विझते. माझी पेटती राहू दे.”

थोड्या वेळाने एकच गोळी ऐकू आली.

मग लिओनार्ड मास्तर मागच्या जिन्याने वर आले. सदरा रक्ताने माखलेला, हातात शब्दकोश. “परत निघाला होता,” एवढंच म्हणाले. कोश ‘कर्फ्यू’च्या खूण घातलेल्या पानावर आपोआप उघडला. लॅटिनमध्ये ‘फोकस’ म्हणजे चूल. पुढची ओळ वाचून पेडणेकर मास्तरांनी कोश मिटला.

ते शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. भागीरथीबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. नुकताच वाचलेला कर्फ्यूचा अर्थच त्यांच्या तोंडातून बाहेर पडला.

“भागीरथीबाई, चूल झाका.”