कॉफी न पिणारी बाई

म्हाताऱ्या रागिबला मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रातून बाहेर काढलं, तरी हातातलं बटण काही तो सोडेना. डॉक्टर याद्रान्काने ते हळूच सोडवून घेतलं आणि त्याच्या मुलीला, सेनादाला बाजूला बोलावलं.

"नसलेलं माणूस दिसलं की बटण दाबायचं, असंच सांगितलं होतं ना आपण? त्या वेळी मेंदूत काय चालतं, ते चित्रात सापडलं असतं. ह्यांनी तर बटण दाबूनच धरलं. आणि डोळ्यांवरचा कॅमेरा सांगतोय, सगळा वेळ ते तुमच्याकडे बघत होते."

बाबा घाबरू नयेत म्हणून सेनादा त्यांच्या पायाशी उभी राहिली, आणि बाबांनी तिलाच नसलेलं माणूस ठरवलं! रमजान लागल्यापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. दुखणं वाढलंय, अशी तिने मनाची समजूत घातली होती. पलंगाखाली त्यांना पोरं दिसत, तेही एकवेळ ठीक. पण पोटची पोरगी त्यातच जमा?

बाहेरच्या बाकावर रागिबने घरून आणलेला थर्मास उघडला. समोरच्याला कॉफी न देता बसेल तो साराजेव्होचा कसला? तीन कप भरले, शेजारी साखरेचे खडे ठेवले. एक डॉक्टरला दिला, एक स्वतः घेतला, तिसरा सेनादापुढे सरकवला आणि डोळे बारीक करून बघत राहिला.

"काका, आत पायाशी कोण उभं होतं?" घोट घेत डॉक्टरने विचारलं.

"ही काय, ही बाई. दिसते आमच्या सेनादासारखी, पण ती नव्हे. खरं माणूस कॉफी पितं. तुम्ही कशा प्यायलात! हिचा कप तस्साच. पलंगाखालच्या पोरांचंही तेच, थेंब हलत नाही."

"बाबा, अहो, रमजान चालू आहे! तुम्हाला दुखण्यामुळे माफ आहे, पण माझा रोजा आहे, म्हणून नाही पीत मी!"

रागिब डॉक्टरच्या कानाशी झुकला. "बघा, कशी बोलते! मी नाही उत्तर देत. एकदा दिलं की डोक्यावरच बसतात."

सेनादा रडकुंडीला आली. कळत्या वयापासून तिने एकही रोजा मोडला नव्हता. बाहेर टळटळीत दुपार होती. तिने कप उचलला. साखरेचा खडा कॉफीत बुडवून दाताखाली धरला आणि कप रिकामा केला.

रागिबने वाकून कपात पाहिलं. मग तिच्याकडे. मग भीतभीत तिच्या गालाला हात लावला.

"सेनादा! कधी आलीस गं?"

तिला हुंदका फुटला. तिने तो हात गालावर घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण हे काय, कार्टे? भरदुपारी रोजा मोडलास? आत्ताच ती बाई सांगत होती, रमजान चालू आहे म्हणून!"