अडवलेली गोळी

"ही वाढीव गोळी मी देणार नाही," औषधांच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

काकूंचा पाराच चढला. महिन्यापूर्वी नवऱ्याला फिट आली, तेव्हापासून गोळ्या चालू. आज रक्तात औषध कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला. तासभर रांगेत उभं राहिल्यावर आता ही बया नाही म्हणते!

"अहो ताई, पुन्हा फिट आली तर तुम्ही येणार आहात का निस्तरायला?"

बाई उठल्या. खिडकी सोडून बाहेर आल्या, बाकावर पेंगणाऱ्या काकांसमोर वाकल्या आणि बोट हळूच डावी-उजवीकडे नेलं. काकांचे डोळे थरथरत बोटामागे गेले. पाय इतके सुजलेले की चपलेत मावत नव्हते.

"जेवतात का?"

"कुठलं! चार घास गेले तर पुष्कळ. आणि चालताना असे झुलतात, की शेजारीपाजारी भलताच संशय घेतात."

बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "सर, यांचं अल्ब्युमिन तपासलंय का? नाही ना? मग तेवढं बघू या." पलीकडचा आवाज चढला. बाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला, पण ठेवला नाही.

"काकू, हे औषध रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं," मग त्यांनी सांगितलं. "बसलेलं औषध निवांत असतं, उतरलेलं तेवढंच काम करतं. रिपोर्टात दोन्ही मिळून मोजतात. यांचं खाणं तुटलंय, पाय सुजलेत, म्हणजे पाठी कमी पडल्या असणार. आकडा कमी दिसतो, पण मोकळं औषध जास्तच झालंय; डोळे थरथरतात, तोल जातो तो त्यामुळेच. त्यात अजून घातलं तर माणूस उठायचा नाही."

काकूंनी काकांना हाताला धरून उठवलं आणि रक्त द्यायला नेलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. अल्ब्युमिन निम्म्यावर. डॉक्टर स्वतः खिडकीशी आले, चिठ्ठी बदलून डोस कमी करून दिला. "बरं झालं अडवलंत," एवढंच म्हणाले, पण मनापासून.

पुढच्या आठवड्यात काकू एकट्याच आल्या. बाईंनी आधी त्यांच्यामागे बाकाकडे पाहिलं. "काका कुठेत?"

"घरी. अहो ताई, तुम्हाला नको नको ते बोलले मी, आणि तुम्ही माझा माणूस मला परत दिलात!" काकूंनी खिडकीतून हात घालून बाईंचे दोन्ही हात धरले. "आज चहात साखर विसरले, तर केवढ्यांदा खेकसले माझ्यावर! पंधरा दिवसांत पहिल्यांदा."

डोळे पुसत त्या हसल्या.

"उद्याही विसरणार आहे."